पाचवा सरकारी बुधला

१

बुधला सरकारी होता, सील सरकारी होतं, तळघराचं कुलूपही सरकारी होतं. आतलं तेल कुणाचं, एवढंच काय ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मालिनेवोच्या गुलाबतेल कारखान्याच्या तळघरात तांब्याचे बारा चपटे बुधले अकरा वर्षं एका फळीवर बसून होते. पांढऱ्या लोकरी कापडात शिवलेले, मानेला शिशाचं सील, सिलावर जुन्या राजवटीच्या गव्हाच्या ओंब्या. ती राजवट गेली, तिचं नाव कागदांवरून पुसलं गेलं, बुधले मात्र राहिले. आणि मंगळवारी सकाळी, राजधानी सोफियाहून आलेल्या दोन साहेबांच्या समोर, डायरेक्टर व्हेल्को गंचेव यांनी पाचवा बुधला फोडला तेव्हा आतून निघालं जिरेनियमचं स्वस्त तेल. गुलाबाचा त्यात थेंब नव्हता. सील मात्र फोडेपर्यंत शाबूत होतं.

मग एका शितावरून भाताची परीक्षा झाली. साहेबांनी बाराही बुधले खोटे ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाचा फॅक्स आला. साठ्याची किंमत शून्य धरावी, कारखाना शुक्रवारी दुपारी बाराला ठरल्याप्रमाणे विकावा आणि भांडारपाल कुना राल्चेवा हिच्यावर फिर्याद करावी.

रूमेना दोब्रेवा गुरुवारी सकाळच्या गाडीनं मालिनेवोला उतरली ती या कागदावर सही करायला. सरकारी कारखाने विकणाऱ्या खात्यात ती होती. चार वर्षांत तिनं बिस्किटांचा एक, विटांचे दोन आणि छत्र्यांचा एक असे कारखाने विकले होते. सरकारनं धंद्यात पडूच नये, हे तिचं पक्कं मत. ज्यांना पावाची रांग धड लावता आली नाही ते अत्तर काय काढणार, असं ती म्हणायची. सही करून दुपारच्या गाडीनं परत, असा बेत होता. पण सहीच्या आधी वस्तू डोळ्यांनी बघायची तिला खोड होती. ती नसती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"सील तोडलेलं नाही, मग तेल गेलं कसं?" तिनं फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"बाई, गेल्या वर्षी आमच्या गावातली अख्खी बँक गेली," तो म्हणाला. "तिचंही कुलूप जागच्या जागी होतं."

२

कुना राल्चेवा तळघराच्या जिन्याशेजारच्या आपल्या खोलीत बसली होती. साठीची, ठेंगणी बाई; कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कोपऱ्यात विजेची शेगडी, शेगडीवर भलंमोठं रिकामं पातेलं, आणि दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं.

"हे गाठोडं कसलं?"

"पोलीस आले की ऐनवेळी धावपळ नको. दोन स्वेटर, चष्मा आणि चीज भरून भाजलेली बानित्सा. तुरुंगातलं चीज चांगलं नसतं म्हणे."

"मावशी, मी पोलीस नाही."

"सोफियाची आहेस ना? मग तेच ते." कुनामावशीनं गाठोडं सोडलं आणि बानित्साचा मोठा तुकडा तोडून तिच्या हातात दिला. "खा. रात्रभर गाडीत उपाशी आली असशील. तुझ्याशी माझं वैर नाही."

रूमेनानं खाल्लं. बानित्सा अजून कोमट होती. फिर्याद झाल्यावर काय होईल हे तिला ठाऊक होतं, पण ते मावशीनंच सांगितलं.

"माल माझ्या नावावर. तो गेला की माझं घर जातं आणि वर मी आत जाते. जुन्या राजवटीचा कायदा आहे. सगळे कायदे बदलले, हा तेवढा कुणाला दिसला नाही."

"मंगळवारी काय झालं ते क्रमानं सांगा. काही गाळू नका."

"गाळायला आहेच काय? मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. मी मागं कांद्याच्या वाफ्यात होते. डायरेक्टरसाहेब आले, मागं दोन टायवाले. मी कुलूप काढलं. साहेबांनी पाचव्यावर बोट ठेवलं, स्वतः उतरवला, सील कापलं, बूच काढलं, बुधला कलता केला आणि काचेवर चार थेंब ओतले. वास घेतला. आणि डोक्याला हात लावून मटकन खालीच बसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी, एक साहेबांची. आणि सील दाबायचा चिमटा म्हणशील तर तो एक्याण्णव साली साहेब स्वतः सोफियाला देऊन आले." मावशी जरा पुढं झुकली. "तुला एक सांगू? हसायचं नाही. दर एक तारखेला मी बुधले उतरवते, पुसते आणि कानाशी धरून हलवते. या महिन्याच्या एक तारखेला बाराही गप्प होते. आता पाचवा बोलतो."

"बोलतो?"

"आत डुचमळतं. टायवाल्यांना हेच सांगितलं, तर ते म्हणाले, म्हातारी बुधल्यांशी गप्पा मारते."

रूमेना हसली नाही. तिनं मावशीकडून किल्ली घेतली आणि तळघरात जाऊन बुधले एकेक करून कानाशी धरले. अकरा गप्प होते. पाचव्यात खरोखरच कुणीतरी बोलत होतं.

३

"बुधले बोलतात का हो?" तिनं प्रयोगशाळेत शिरत विचारलं.

रसायनतज्ज्ञ मेतोदी हा काटकुळा माणूस खिडकीशी कॉफी पीत उभा होता. प्रश्न ऐकून त्यानं कप ठेवला आणि प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "सोफियाहून आलेल्या माणसानं पहिल्यांदाच शहाण्यासारखं काही विचारलं."

गार पाण्यात ठेवलेली एक बारकी कुपी त्यानं तिच्या हातात दिली. आतलं तेल थिजलेलं होतं, कणीदार तुपासारखं.

"मुठीत धरा."

दोन मिनिटांत तूप वितळलं, आणि बूच बंद असूनही खोलीभर असा वास पसरला की रूमेना क्षणभर काय विचारायला आली होती तेच विसरली.

"खरं गुलाबतेल गारठ्यात झोपतं," मेतोदी म्हणाला. "आमच्या तळघरात बारा महिने बारा अंश. तिथं ते कायम झोपलेलं. उठवायचं तर बुधला अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायचा. मालिनेवोत पोरं चालायच्या आधी हे शिकतात. कुनाच्या शेगडीवरचं पातेलं काय सूप करायला आहे?"

"मंगळवारी तुम्ही खाली होतात?"

"बोलावलंच नाही मला. काचेची चकती तेवढी वर आली. बघायचीही गरज नव्हती, नाकालाच कळलं."

रूमेनानं कुपी परत केली. आता जे विचारायचं होतं ते अवघड होतं, म्हणून तिनं सरळ विचारलं. "तेल बदलायला जाणकार लागतो. या गावातले जाणकार तुम्ही."

मेतोदीला राग आला नाही, उलट गंमत वाटली. "मी असतो तर त्यात मेण घातलं असतं, थिजेल असं काहीतरी. पुढची दहा वर्षं कुणाला पत्ता लागला नसता. जिरेनियम कोण घालतं? ज्यानं हे केलं त्याला लपवायचं नव्हतंच, बाई. त्याला हे सापडायला हवं होतं."

"चोराला आपली चोरी सापडायला हवी होती?"

"ते तुम्ही शोधा. मला पगार वासाचा मिळतो. म्हणजे मिळायचा."

४

प्लॉवदिवचा व्यापारी आसेन तोपालोव अंगणात मोटारीत बॅगा भरत होता. कारखान्यावर दोनच बोली आल्या होत्या, त्यातली मोठी याची.

"मी बोली मागे घेतोय," तो म्हणाला. "माझी फ्रान्सची गिऱ्हाइकं जुन्या साठ्यावर डोळा ठेवून होती. बुधले खोटे, मग मी काय धुराडं विकत घेऊ?"

"तुम्ही हटलात की उरलं कोण?"

"डायरेक्टरसाहेब आणि त्यांचे चार सोबती. त्यांनी कंपनी काढलीय. बिचारे! मडकी आणि भिंती मिळणार त्यांना."

"आणि बुधले?"

"ते शून्य किमतीचे, तुमच्याच फॅक्समध्ये आहे. भिंतींबरोबर फुकट." आसेन हसला. मग हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळे मात्र हसायचे थांबले. त्यानं हातातली बॅग परत खाली ठेवली.

रूमेना तिथून डायरेक्टरांच्या खोलीत गेली, आणि तिथं तिची पंचाईत झाली, कारण माणूस तिला आवडला. व्हेल्को गंचेव रुंद खांद्यांचे, बोटं भट्टीच्या वाफेनं भाजलेली. गेल्या हिवाळ्यात पैशांचा कागद झाला तेव्हा त्यांनी कामगारांना कारखान्यातलं सरपण घरी नेऊ दिलं होतं. बाकीच्या गावांतले डायरेक्टर कारखाने पोखरत होते. जुनं सरकार गेल्यापासून त्यांचं 'सासू गेली ठीक झाले, घरदार हाती आले' असं चाललं होतं. हा माणूस तसा दिसत नव्हता.

"कुनाला वाचवा," ते म्हणाले. "म्हातारी आहे. तिच्यावरची फिर्याद सौम्य लिहा. पण सही आज करा. ऐकताय ना बाहेर?"

फाटकाशी शेतकऱ्यांचा गलका चालला होता. जमिनी परत मिळाल्यापासून प्रत्येकाकडे स्वतःचे गुलाबाचे वाफे होते आणि या वर्षी ऊन लवकर पडलं होतं. "भट्ट्या पेटणार की नाही? फुलं शनिवारी फुटताहेत! सरकारची वाट ती बघणार नाहीत!"

"तोडलेलं फूल दुपारपर्यंत भट्टीत गेलं नाही तर तो नुसता पाला," गंचेव म्हणाले. "मालक ठरल्याशिवाय मी काडी लावू शकत नाही, तसा मंत्रालयाचा हुकूम आहे. उद्या कारखाना माझा झाला की शनिवारी भट्ट्या पेटतील. तीस वर्षं मी इथं दर मेमध्ये भट्ट्या पेटवल्या आहेत, पोरी."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. रूमेनानं पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं. ती जिना उतरून कुनामावशीच्या खोलीत गेली आणि एकच प्रश्न विचारला.

"मावशी, मंगळवारी ही शेगडी पेटली होती?"

"नाही," मावशी म्हणाली. "का गं?"

५

दुपारी चार वाजता सगळे तळघरात उभे होते. गंचेव, मेतोदी, कुनामावशी, जायचं लांबवलेला आसेन आणि गावचा फौजदार. सही झाली की कुनामावशीला न्यायचं म्हणून फौजदार आला होता आणि त्यामुळे तिच्याकडे बघायचं टाळत होता. मावशीचं गाठोडं तिच्या हातात होतं.

"आणखी एक बुधला उघडायचा आहे," रूमेना म्हणाली.

"मंत्रालयाची परवानगी?" गंचेवांनी विचारलं.

"नाही. सील मोडल्याची जबाबदारी माझी, तसं मी लिहून दिलंय." तिनं फळीवरून सातवा बुधला उचलला. तो जड होता आणि गप्प. "सगळेच खोटे असतील तर एक आणखी फोडल्यानं काय बिघडतं? पण माझ्या हाताला सवय नाही. तुम्हीच उघडा."

तिनं तो त्यांच्या हातांत दिला आणि मागे सरली.

गंचेवांनी बुधला घेतला. तीस वर्षांत त्यांनी असे शेकडो उघडले असतील. लोकरी कापडावरून त्यांचा अंगठा फिरला, हातांनी वजन जोखलं आणि तोंडातून शब्द निघून गेले, दारातून आत येताना पाय पुसावेत तितक्या सहज.

"कुना, पाणी ठेव."

कुनामावशी सवयीनं वळली, जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि थबकली. सगळ्यांच्या आधी तिला कळलं. तिनं मागे वळून डायरेक्टरांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मंगळवारी असं नाही म्हणालात."

मेतोदीनं तोंडावर हात ठेवला.

"मंगळवारी असं नाही म्हणालात," रूमेनानं तेच पुन्हा म्हटलं. "मावशींना कळवलं नाही, मेतोदींना बोलावलं नाही. समोर फक्त सोफियाचे दोन टायवाले, ज्यांना तेल थिजतं की उडतं हे माहीत नाही. या गावातला कुणीही माणूस गुलाबतेलाचा बुधला गार तळघरात सरळ कलता करणार नाही, कारण त्यातून थेंब पडणार नाही. तुम्ही केलात. म्हणजे बूच काढायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं की पाचव्यात गुलाबतेल नाही. आणि बारांतून पाचवाच निवडलात तोही तुम्हीच."

"घाईत होतो," गंचेव म्हणाले.

"घाईत माणूस अर्धा तास वाट बघत नाही हे खरं. पण घाई आहे म्हणून थिजलेलं तेल वाहायला लागत नाही. एक तारखेपर्यंत बाराही गप्प होते. त्यानंतर तुमच्या किल्लीनं एक बुधला बदलला गेला आणि जुन्या चिमट्यानं नवं सील लागलं. तो चिमटा सोफियाला पोहोचला होता का, ते उद्या फोन केला की कळेल. एक बुधला खोटा निघाला की बाराही शून्यावर येणार होते, आसेन पळणार होते, आणि अकरा बुधले खरं तेल भिंतींबरोबर तुम्हाला फुकट मिळणार होतं."

फौजदारानं पाणी तापवलं, कारण मावशी गाठोडं घेऊन पायरीवरच बसली होती. अर्ध्या तासानं मेतोदीनं सातव्याचं बूच काढलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. गुलाब तळघरभर पसरला, जिना चढून वर गेला आणि फाटकाशी चाललेला गलका थोडा वेळ बंद पडला.

गंचेव फळीला टेकून उभे होते. "पाचवा माझ्या घरी आहे," ते म्हणाले. "जसाच्या तसा. विकायचा नव्हता मला. मला कारखाना हवा होता." मग एकदम उसळून ते म्हणाले, "कुणाला विकणार होतात तुम्ही? याला? याला गुलाब आणि कांदा यांतला फरक कळत नाही! माझी उभी हयात या भट्ट्यांत गेली. सरकारचा होता म्हणे! सरकारनं यातली एक भट्टी कधी पेटवली? मी पेटवली!"

"खरं आहे," रूमेना म्हणाली, आणि तिला मनापासून वाईट वाटलं. "पण तुमच्या हक्काची किंमत मावशी मोजणार होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी. ते तुम्हाला चाललं."

गंचेवांनी कुनाकडे पाहिलं नाही. फौजदाराबरोबर जाताना त्यांनी वाटेतल्या पहिल्या भट्टीच्या झाकणावर हात ठेवला, आणि मग हात खिशात घातले.

६

शुक्रवारी बारा वाजले आणि गेले. बोली लावणाऱ्यावरच गुन्हा, म्हणून कायद्याप्रमाणे विक्री स्थगित झाली. नवी तारीख जुलैची मिळाली. आसेन जुलैत यायचं कबूल करून गेला. फिर्याद होणार नसल्याचा कागद रूमेनानं स्वतः नेऊन कुनामावशीच्या हातात दिला. मावशीनं तो दोनदा वाचला, मग स्टुलावर बसून पोटभर रडली. डोळे पुसून झाल्यावर तिनं फाटकाकडे बोट केलं. तिथं आता चाळीसेक शेतकरी होते, आणि ते ओरडत नव्हते. ते जास्त वाईट होतं.

"उद्या फुलं येणार. मालक कोण सध्या?"

"सरकार."

"सरकार म्हणजे कोण गं? नाव सांग. त्यांना जाऊन सांगते."

रूमेनानं उत्तर शोधलं. मंत्रालयानं कारखाना विक्री खात्याकडे सोपवला होता. विक्री खात्यानं ही फाइल तिच्याकडे दिली होती. डायरेक्टर कोठडीत होता आणि नवा नेमायला सोफियाला तीन आठवडे लागतील. तोवर फुलं संपलेली असतील, आणि चाळीस घरांची वर्षाची कमाई वाफ्यातच वाळून जाईल. ती जितका विचार करत गेली तितकी नावं गळत गेली आणि शेवटी एकच उरलं.

"मी," ती म्हणाली. आपल्याच तोंडून ते ऐकताना तिला फार विचित्र वाटलं.

"मग लिही, भट्ट्या पेटवा म्हणून."

"मावशी, मला तसा अधिकार नाही. मला फक्त विकायचा अधिकार आहे."

"आणि पेटवायला मनाई करणारा कागद?"

"मालक नाही तोवर भट्टी पेटवू नये, असा."

"मालक आहे की. आत्ताच म्हणालीस."

मेतोदी खिडकीशी उभा होता, आणि अशी मजा त्याला बऱ्याच वर्षांत मिळाली नसावी. "सरपण शेडमध्ये आहे. हिवाळ्यात उरलेलं. आठ भट्ट्यांना पुरेल."

शनिवारी पहाटे पाचला दवानं जड झालेल्या फुलांची पोती गाड्यांवर चढत असताना डायरेक्टरांच्या खोलीतला फोन वाजला. सोफियाहून तिचा वरिष्ठ होता, झोपेतून उठवलेला आणि भडकलेला.

"दोब्रेवा, मला आत्ताच कळतंय की तिथं धुराडं चालू आहे! तुला कारखाना विकायला पाठवलं होतं!"

"विकणारच आहे, साहेब," रूमेना म्हणाली. "जुलैत. आधी चालवून बघते."

पलीकडून आणखी काही येत होतं, पण तिनं फोन ठेवला. फाटकाशी पहिली गाडी येऊन उभी होती आणि फुलं वजन करून घ्यायला सरकारच्या बाजूनं दुसरं कुणीच नव्हतं.